आमच्या अतिरिक्त नणंदबाई

रागावणं ही कला मानली तर मुलुंड पूर्वेत आमच्या नणंदबाईंच्या तोडीचा कलावंत नाही. हे मी कौतुकाने सांगतेय. तक्रारी पुढे येतीलच. इतर माणसं कारण मिळालं की रागावतात. नणंदबाई आधी रागावून तयार होतात आणि मग कारण शोधायला बाहेर पडतात, आणि मुंबईत राहत असल्यामुळे त्यांना फार लांब जावं लागत नाही. लिफ्टमध्ये तिरकी चिकटवलेली नोटीस, दारात चपलांचा ढीग करणारे पाहुणे, 'पाच मिनिटांत येतो' म्हणून पाऊण तासाने उगवणारा प्लंबर, एवढ्यावर त्यांची सकाळ उत्तम जाते. मात्र या रागाची एक गंमत आहे, जी कळायला मला लग्नानंतर चार-पाच वर्षं लागली. तो स्वतःसाठी कधीच नसतो. भाजीवाल्याने त्यांच्या पिशवीत किडकी भेंडी घातली तर त्या निमूट घरी येतात आणि किडका भाग काढून भाजी करतात. तीच भेंडी शेजारच्या आजींच्या पिशवीत गेली, की त्या भाजीवाल्याला अख्ख्या बाजारासमोर विचारतात, "तुझ्या आईला देशील का ही? बोल. मोठ्याने बोल, मागच्यांना ऐकू येऊ दे."

हा 'मागच्यांना ऐकू येऊ दे' वाला आवाज त्यांनी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवून कमावलेला. नणंदबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं म्हणे. मुलाने फक्त एवढंच विचारलं की मुलगी नोकरी सोडेल ना, आणि तीन जिने उतरेपर्यंत त्याला उत्तर मिळत राहिलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या होत्याच. कपाटाचा वरचा खण त्यांचा, खिडकीजवळची खुर्ची त्यांची आणि माझ्या पोळ्यांचा व्यास मोजण्याचा अधिकारही त्यांचाच. मी साकीनाक्याला स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्याचं ऑफिस सांभाळते, चाळीस यंत्रांच्या खडखडाटात दिवस काढून घरी आले की त्या विचारायच्या, "दमलीस?" मी हो म्हटलं की म्हणायच्या, "साहजिक आहे. डबा नीट भरून नेत नाहीस." बावीस वर्षं मी या बाईंबद्दल माहेरी, ऑफिसात आणि लिफ्टमध्ये तक्रारी केल्या आहेत. त्या सगळ्या खऱ्या आहेत आणि त्यातली एकही मी आज मागे घेत नाही.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे मोजणं. सहलीला नेलेल्या पोरांची डोकी मोजून मोजून ही सवय हाडीमाशी खिळलेली. लग्नाच्या हॉलमधून निघताना, डॉक्टरच्या दवाखान्यात शिरताना, रिक्षातून उतरताना त्या थांबायच्या, आमच्याकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, "एक, दोन, तीन. बरोबर. चला." एक म्हणजे त्यांचा भाऊ, दोन मी, तीन आमची मुलगी. माझ्या नवऱ्याचं डोकं पन्नाशीला आलं, त्यावरचे केस निम्मे गेले, तरी भर मॉलमध्ये ते बोटाने मोजलं जायचं. "ताई, आम्ही कुठे हरवणार आहोत?" असं त्याने एकदा विचारलं. "हरवणारा सांगून हरवतो का?" असं उत्तर मिळालं.

या मोजणीची एक गोष्ट त्यांच्या शाळेत दंतकथा होऊन बसली आहे. सहावीच्या वर्गाची सहल गोराईला गेली होती. परतताना खाडी ओलांडायला नणंदबाई धक्क्यावर उभ्या राहिल्या आणि एकेका पोराच्या डोक्याला हात लावून त्यांनी त्यांना बोटीत चढवलं. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस! आकडा जुळला. "सोडा!" त्यांनी बोटवाल्याला हुकूम केला. त्या आवाजापुढे प्रश्न विचारण्याची त्या बिचाऱ्याची काय प्राज्ञा? त्याने बोट सोडली. बोट चांगली मध्यावर गेली, सोबतच्या बाई हातवारे करू लागल्या, पोरं किंचाळू लागली, तेव्हा कुठे नणंदबाईंच्या लक्षात आलं की आपण अजून धक्क्यावरच आहोत. पुढच्या बोटीने पलीकडे पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर पोरांना पुन्हा मोजलं. मुख्याध्यापिका दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो बाई, स्वतःला मोजायचं राहिलं की!" तर यांनी डोळे मोठे केले. "मला काय मोजायचं? मी होतेच की!"

आता मुख्य गोष्टीकडे येते, आणि इथून पुढे राग त्यांचा कमी आणि माझा जास्त आहे. दोन वर्षांपूर्वी त्या शाळेत सरकारी माणसं आली आणि त्यांनीही मोजलं. मराठी शाळेत पोरं कमी झाली होती. पटावर अमुक मुलं असली तर अमुक शिक्षक, असा नियम. मुलं भरेनात, तेव्हा एक शिक्षक जास्त ठरला. तो जास्तीचा शिक्षक म्हणजे आमच्या नणंदबाई. कागदावर त्यासाठी एक शब्द आहे: अतिरिक्त. सव्वीस वर्षांत ज्या बाईंनी रजा घेतली ती फक्त वडील गेले तेव्हा आणि तीही तेराव्यापर्यंत नाही, त्या बाईंना कुणीतरी अंकगणिताने सांगितलं की तुम्ही उरलात. दुसऱ्या शाळेत जागा निघेपर्यंत रोज यायचं, सही करायची आणि शिक्षकांच्या खोलीत बसायचं. वर्ग नाही, खडू नाही, तपासायला वह्या नाहीत.

असं बसणं त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं. माझे सासरे कणकवलीकडून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद झाली आणि ते खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसले. पुढे अठरा वर्षं घड्याळाला चावी देण्यापलीकडे त्यांनी काही काम केलं नाही. नणंदबाई नोकरीला लागल्या त्या त्या खुर्चीकडे पाहत. आता शाळेतून येऊन त्या स्वतः तिच्यात बसू लागल्या आणि लिफ्टमधली नोटीस तिरकी असली तरी काही बोलेनात. घरात अशी शांतता पसरली की मला झोप येईना. आणि एक गोष्ट इथेच कबूल करते, कारण ती टाळली तर बाकीचं सांगायला मला तोंड नाही. आमच्या मुलीला आम्ही इंग्रजी माध्यमात घातलं होतं. तेव्हा नणंदबाई आमच्याशी सहा महिने कामापुरतं बोलल्या. मी म्हणत होते, एका मुलीने काय फरक पडतो? मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत प्रत्येक घरातली शहाणी आई हेच म्हणत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचा पट रिकामा केला आणि मग सरकारवर चिडलो.

तर एका रविवारी आमची ही इंग्रजी माध्यमातली कन्या मोबाइल घेऊन आत्याजवळ गेली आणि म्हणाली, "आत्या, बाहेरच्या देशांतल्या इंटरनॅशनल शाळांना गणिताचे टीचर मिळत नाहीयेत. एक कोर्स आहे, ऑनलाइन. तो केलास ना, तर तुला घेतील." इंटरनॅशनल हा शब्द ऐकताच नणंदबाईंच्या नाकपुड्या फुलल्या, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! आमच्या मागच्या गल्लीतल्या बालवाडीनेही इंटरनॅशनल अशी पाटी लावली आहे, आत सगळी मुलं मुलुंडचीच. "मला शिकवायचं कसं ते आता कोण शिकवणार?" त्या कडाडल्या. "सव्वीस वर्षं मी काय गवत उपटत होते?" पण संध्याकाळी त्या मुलीच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "दाखव तो अर्ज. नुसता बघते."

त्या अर्जाने आमच्या घरात जो धुमाकूळ घातला तो सांगायला वेगळा अर्ज करावा लागेल. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही काय अवघड गोष्ट आहे? पण नणंदबाईंच्या पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी आणि परदेशी संस्थेच्या यंत्राला यातलं मधलंच तेवढं आवडलं. त्यामुळे पुढची सगळी पत्रं माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावाने येऊ लागली. 'प्रिय विनायक, तुमचं स्वागत आहे. प्रिय विनायक, तुमच्या अध्यापनप्रवासाची सुरुवात करू या.' अठरा वर्षं घरी बसलेल्या माणसाला मरणोत्तर नोकरीची विचारणा! नवरा पोट धरून हसला. नणंदबाईंनी मात्र गंभीरपणे उत्तर लिहवून घेतलं की विनायक हे माझे वडील असून ते आता कामासाठी उपलब्ध नाहीत. त्यावर संस्थेचं उत्तर आलं, 'धन्यवाद विनायक.'

मग इंग्रजी येतं याचा पुरावा. मग मूळ प्रमाणपत्रांवर विद्यापीठाचा शिक्का, शिक्क्यावर सरकारचा शिक्का आणि त्या शिक्क्यावर आणखी कुणाचा तरी. मग पोलिसांचा दाखला. पोलीस ठाण्यात एका तरुण हवालदाराने विचारलं, "तुमच्यावर काही गुन्हा?" तर या म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मराठी शाळेत नोकरी केली, तेवढाच." मी कोपराने ढोसलं नसतं तर त्याने ते लिहून घेतलं असतं. मला या सगळ्याचा मनस्वी संताप येत होता. ज्या बाईंनी हजारभर पोरांना त्रैराशिक शिकवलं, ज्यांची पोरं आज बँकांत, बंदरात आणि माझ्या कारखान्यातही आहेत, त्यांना शिकवता येतं का हे ठरवायला इतके कागद? आणि आपल्याकडे त्यांना उरवायला मात्र एकच कागद पुरला.

अभ्यास सुरू झाला आणि घरातली उतरंड उलटी झाली. भाची गुरू, आत्या शिष्या. भाची म्हणायची, "आत्या, आता विद्यार्थी म्हणायचं नाही, लर्नर म्हणायचं. आणि तू शिक्षक नाहीयेस, फॅसिलिटेटर आहेस." "का? शिक्षक म्हणायची लाज वाटते का त्यांना?" "तसं नाही गं यार. मुलं स्वतः शिकतात, तू फक्त मदत करतेस." नणंदबाई अतिशय चिडल्या की त्यांच्या तोंडून आईची मालवणी निघते. "ह्या मेल्यांक काय कळता! पोरगो स्वतः शिकता, तर मग ह्यांची फी कित्याक?" तरीही दर आठवड्याचा स्वाध्याय त्या वेळेआधी दोन दिवस पाठवत. वहीला समास आखलेला, तारीख उजवीकडे. गणकयंत्राशिवाय हिशेब तपासणाऱ्या माणसाला इंग्रजीत निबंध लिहिताना मी पाहिलं आहे. जीभ दातांत धरून, एकेक शब्द शब्दकोशात बघून त्या लिहायच्या आणि ओळीगणिक त्या अदृश्य परीक्षकांना शिव्या घालायच्या.

सगळ्यात मोठा अडथळा होता प्रत्यक्ष पाठाचा. चाळीस मिनिटांचा पाठ इंग्रजीतून घ्यायचा, न थांबवता चित्रित करायचा आणि पाठवायचा. शाळेने परवानगी नाकारली. अतिरिक्त शिक्षकाला वर्ग कसा द्यायचा? सोसायटीतली मुलं क्लासला. शेवटी अर्जात बारीक अक्षरांत सापडलं की मुलं नसतील तर मोठी माणसं चालतील. म्हणून एका शनिवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात वर्ग भरला. पहिल्या बाकावर मी आणि नवरा, मागे सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळातले पाचजण, त्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका, जे ट्रॉम्बेला आयुष्यभर अणूंवर संशोधन करून निवृत्त झालेले. मुलगी मोबाइल घेऊन खिडकीत उभी. नणंदबाई आत आल्या मात्र, आणि आमच्यापैकी कुणी काही ठरवलेलं नसताना सातही माणसं उभी राहून एका सुरात म्हणाली, "एऽक साऽथ नमस्ते!" सत्तरीतल्या काकांचे गुडघे वाजले, पण तेही उठले. नणंदबाईंचा चेहरा असा उजळला की मी खाली पाहिलं. सात महिन्यांनी त्यांच्यासमोर वर्ग उभा राहिला होता.

पाठ होता भागाकाराचा. फळ्यावर त्यांनी खाडी काढली, धक्का काढला, बोट काढली. त्रेचाळीस मुलं आहेत, एका बोटीत दहा मावतात, तर बोटी किती लागतील? हे सगळं इंग्रजीत, एकेक शब्द इस्त्री करून. माझा नवरा माझ्या कानाशी काहीतरी कुजबुजला. "यू! गेट आउट," नणंदबाई म्हणाल्या. त्याला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. तो उरलेला पाठ व्हरांड्यात उभा होता. मग काकांनी बोट वर केलं आणि सांगितलं, "फोर पॉइंट थ्री बोट्स." "पॉइंट थ्री बोट?" नणंदबाईंनी विचारलं. "यू हॅव सीन?" काकांनी नाही म्हणून मान हलवली. मागून एक आजी हळूच म्हणाल्या, "चार बोटी. आणि बाकी तीन."

इथे नणंदबाई थांबल्या. खडू हातात तसाच राहिला. मग जे झालं ते इंग्रजीत झालं नाही. "बाकी तीन, आणि पुढे? मांडला भागाकार, लिहिली बाकी, संपलं गणित? ती तीन पोरं धक्क्यावर उभी आहेत ना! त्यांनी काय करायचं? पोहत यायचं?" त्यांनी फळ्यावर आणखी एक बोट काढली. "पाच बोटी. पाचवीत तीनच बसतील, बसू देत. बोट रिकामी गेली तरी चालेल, पोर मागे राहता कामा नये. लिहून घ्या." आणि देवाशप्पथ, अणूवाल्या काकांनी खिशातून पेन काढून ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं.

परीक्षकांचा अहवाल आला. 'प्रिय विनायक' अशीच सुरुवात. पाठ उत्तीर्ण. लर्नर्सचं लक्ष पूर्णवेळ होतं, मात्र ते काहीसे घाबरलेले दिसले. एका लर्नरला बाहेर काढण्यामागचा शैक्षणिक हेतू स्पष्ट झाला नाही. "त्याला विचारा म्हणावं, त्याला स्पष्ट झालाय," नणंदबाई म्हणाल्या. एवढ्यावर भागलं असतं, पण शेवटी एक निबंध होता. आपल्या अध्यापनातला एखादा प्रसंग निवडा आणि आज तो वेगळ्या प्रकारे कसा हाताळाल ते लिहा. याचा त्यांना सगळ्यात जास्त राग. "म्हणजे आधी शिकवायचं आणि मग त्याचा पश्चात्ताप करायचा? हे काय, कन्फेशन आहे?" पहिल्यांदा त्यांनी एका ओळीत लिहून पाठवलं की वेगळं काही केलं नसतं. परत आलं. दुसऱ्यांदा त्यांनी चार पानं लिहिली, पण ती मुलांनी, पालकांनी आणि शिक्षणखात्याने काय वेगळं करायला हवं होतं यावर. तेही परत आलं, आणि सोबत सूचना की आता शेवटची संधी. हा निबंध नापास झाला तर सगळंच पाण्यात आणि पुन्हा ती सही करून बसायची खुर्ची.

त्या रविवारी दुपारी मी मेथी निवडत होते. नणंदबाई खिडकीजवळ बसल्या आणि भाचीला म्हणाल्या, "मी मराठीत सांगते. तू टाइप कर. मध्ये बोलू नकोस." मग त्या सांगू लागल्या, आणि हा आवाज मागच्यांना ऐकू जाईल असा नव्हता. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. अपूर्णांकांत हुशार. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. आठवडाभर गैरहजर, मग महिनाभर, मग ऑफिसने पटावरून नाव कमी केलं. एकोणचाळीसची अडतीस झाली. "मी रोज वर्ग मोजायचे. रोज अडतीस. पटावरही अडतीस. आकडा जुळत होता म्हणून मी पुढे शिकवत राहिले. ती कुठे गेली हे मी कुणाला विचारलं नाही. माझी मोजणी बरोबर होती." त्यांनी भाचीकडे वळून पाहिलं. "वेगळं काय केलं असतं ते लिही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले असते. भांडुपला राहायची. आपल्यापासून दोन स्टेशनं."

आमच्या मुलीची बोटं थांबली होती. "आत्या, नाव आठवतं तिचं?" तिने विचारलं. नणंदबाईंनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "हजेरी क्रमांक एकोणीस," त्या म्हणाल्या. मी मेथीच्या काड्या पाल्यात आणि पाला काड्यांत टाकत होते हे मला फार उशिरा कळलं. बावीस वर्षं मला वाटत होतं की या बाईंना जगात फक्त इतरांच्याच चुका दिसतात. मला वाटत होतं ते साफ चूक होतं आणि त्याची मला लाज वाटली.

निबंध पास झाला. प्रमाणपत्रावर नाव एकदाचं बरोबर आलं, त्यासाठी सात पत्रं लिहावी लागली. मग मुलाखती. एका शाळेने वयावरून नाही म्हटलं, दुसरीने उत्तरच दिलं नाही, आणि तिसरीने, जी मोंबासाला आहे, फक्त तो पाठ मागवून पाहिला आणि विचारलं की कधी येताय. बातमी ऐकून सगळे नाचले. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण कुकरची शिटी धुतली. खरं सांगते, मला राग आला होता. इतकी वर्षं माझ्या पोळ्या मोजल्यात आणि आता निघालात? आम्हाला सोडून त्या कुठल्या तरी पोरांना मोजणार? 'जाऊ नका' हे शब्द तोंडाशी आले होते. पण आमच्या घरातून त्यांच्या पटावर एक पोर गेलं नव्हतं. आता कुठल्या तोंडाने अडवणार होते?

राजीनामा द्यायला मी त्यांच्यासोबत शाळेत गेले. ऑफिसातल्या कारकुनाने कागद घेतला, शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "बरं झालं बाई. एक कमी झालं. आमचं काम सोपं झालं." मी नणंदबाईंकडे पाहिलं. आता या माणसाचं काय होणार, त्याला 'मोठ्याने बोल' म्हणतील, अशी मी वाट पाहत होते. त्यांनी पर्सची चेन लावली, बस. स्वतःसाठीचा राग त्यांच्याकडे नव्हताच. मग तो मला काढावा लागला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, "सव्वीस वर्षं" आणि "लाज नाही वाटत?" एवढं आठवतं, आणि शेवटी मी त्याला म्हटलं, "बाईंना नमस्कार करा. उभे राहून." तो उभा राहिला. व्हरांड्यातून जाणारी पाचवीची दहा-बारा पोरं, कुणी सांगितलेलं नसताना, दारात थांबून म्हणाली, "एऽक साऽथ नमस्ते!" बाहेर आल्यावर नणंदबाई मला म्हणाल्या, "किती ओरडतेस गं! फाटकापर्यंत ऐकू आलं असेल." पण रिक्षात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, घर येईपर्यंत.

विमानतळाच्या दारात त्यांनी बॅग बाजूला ठेवली आणि आमच्याकडे बोट केलं. "एक, दोन, तीन. बरोबर. चला." आणि त्या आत गेल्या. याला आता आठ महिने झाले. मोंबासाबद्दल त्यांचं मत असं की समुद्र गोराईसारखाच आहे, पण तिकडचे लोक चपला रांगेत काढतात. त्यांच्या वर्गात सतरा देशांची पोरं आहेत आणि सगळी आता एक साथ नमस्ते म्हणतात. मुख्याध्यापकांनी आक्षेप घेतला होता; पुढे काय झालं ते त्या सांगत नाहीत, पण पोरं अजून म्हणतात. इकडे लिफ्टमधली नोटीस महिनाभर तिरकी होती. परवा मीच ती काढून सरळ लावली आणि ज्याने लावली होती त्याला बोलवून दोन शब्द सुनावले. नवरा म्हणतो, तुझ्यात ताई शिरलीय.

दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आम्हाला तिघांना सोफ्यावर ओळीत बसावं लागतं, कुणाचं डोकं चौकटीबाहेर गेलेलं चालत नाही. मग पडद्यावर ते बोट येतं. "एक, दोन, तीन. बरोबर." गेल्या रविवारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, चूक आहे. चार हवेत."

त्या वैतागल्या. चष्मा वर करून त्यांनी पडदा नाकाजवळ नेला, पुन्हा मोजलं, माझ्या मागच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत सगळं तपासलं. "तीनच आहात की! कोण राहिलं?"

"तुम्ही राहिलात, ताई."

"काहीतरीच तुझं!" त्या रागावून म्हणाल्या. "मला काय मोजायचं? मी आहेच की."